बेटाजवळ येताच इंजिन बंद पडतं : डिझेलमधल्या पाण्याचा माग

शिडाच्या बोटीचं इंजिन धक्क्याला बांधलेलं असताना कितीही वेळ चालतं. बंदरातून बाहेर पडेपर्यंतही तक्रार नसते. मोकळ्या समुद्रात काही तास गेले, लाटा बाजूने लागायला लागल्या, की आवाज बदलतो. आरपीएम खाली जातो, वर येतो, परत खाली जातो आणि इंजिन थांबतं. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की सुरू होतं, थोडं चालतं, पुन्हा बंद. फिल्टर बदलला की दोन दिवस सगळं सुरळीत, आणि पुढच्या बेटाकडे निघालं की पहिले पाढे पंचावन्न.

ठाणे-नवी मुंबईत तीन-चार जणांत मिळून बोट घेतलेले किंवा थंडीच्या दिवसांत अंदमान, लंकावी, फुकेतकडे बोट भाड्याने घेऊन फिरणारे आता बरेच आहेत. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत डिझेल इंजिनांचं काम करतो आणि सवड मिळाली की शिडाच्या बोटीवर असतो, त्यामुळे या मंडळींचे फोन येतात. सर्वाधिक फोन याच दुखण्यासाठी. बहुतेक वेळा कारण एकच निघतं : टाकीच्या तळाशी पाणी आहे आणि त्या पाण्यावर काहीतरी वाढलं आहे. फिल्टर फक्त ते अडवतो आणि भरतो. तो बदलला म्हणजे प्रवास पुढे सुरू होतो, दुखणं टाकीतच राहतं.

शिडाच्या बोटीला इंजिनाची एवढी काळजी कशाला, असं ज्यांनी बेटांमध्ये बोट चालवली नाही त्यांना वाटतं. लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. तिथली बहुतेक बेटं प्रवाळांच्या गोलाकार कड्यावर पूर्वेच्या बाजूला आहेत आणि पश्चिमेला खाजण, म्हणजे लगून. आत जायचं तर प्रवाळांच्या भिंतीतल्या अरुंद खिंडीतून. मार्च-एप्रिलमध्ये वारा पडलेला असतो, शिडं लोंबत असतात, आणि खोल समुद्रातून आलेली फुगवटी (स्वेल, म्हणजे लांबवरून येणारी लाट) उथळावर चढताना उंच आणि उभी होते. बोट तिथेच सर्वांत जास्त हेलकावते. टाकीच्या तळाचा गाळही तिथेच सर्वांत जास्त ढवळतो आणि डिझेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी येतो. इंजिन नेमकं खिंडीच्या तोंडावर बंद पडतं, त्याला नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या जागी ते बंद पडायला सबळ कारण आहे.

कसं बंद पडलं ते आधी आठवा

पाना हातात घेण्याआधी हे नीट आठवून वहीत लिहा. निम्मं निदान इथेच होतं.

आरपीएम वरखाली होत, दम लागल्यासारखं इंजिन थांबलं आणि थोड्या वेळाने परत सुरू झालं, तर डिझेल कमी पोचतंय. थांबलेल्या वेळात फिल्टरमधून थोडं डिझेल झिरपून जमतं, तेवढ्यावर ते पुन्हा चालतं. काहीही सूचना न देता खाडकन बंद पडलं आणि गिअरमध्ये टाकताच पुन्हा बंद पडतंय, तर आधी बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर, जाळं किंवा प्लास्टिक अडकलं आहे का ते बघा. तापमानाचा भोंगा वाजला असेल तर तो इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या बाजूचा प्रश्न आहे, डिझेलचा नाही. पांढरा धूर, ठोके आणि खडखड चाललेलं इंजिन असेल तर पाणी पुढे नोझलपर्यंत पोचल्याची शंका घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. नोझल आणि डिझेल पंप यांचे भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. पाण्याने ते खराब झाले की खर्च फार मोठा असतो.

दोन खुणा बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. बोट फक्त एका कुशीवर कललेली असतानाच इंजिन थांबतं का? आणि टाकीत तेव्हा किती डिझेल होतं? पाव टाकी डिझेल असताना बोट कलली, की नळीचं तोंड उघडं पडून हवा खेचली जाऊ शकते. तसं असेल तर टाकी अर्धीहून जास्त भरल्यावर दुखणं गायब होतं. त्यासाठी टाकी उपसण्याची गरज नसते.

तिसरी खूण, टाकीचं झाकण. इंजिन काही तास चालून थांबलं आणि झाकण उघडताच फुस्स आवाज करत हवा आत गेली, तर टाकीची श्वासनळी, म्हणजे व्हेंट, बुजलेली आहे. मिठाचे खडे, गांधीलमाशीचं मातीचं घर, रंगकाम करताना बसलेला रंग, यांपैकी काहीही निघतं. तार घालून साफ करा, विषय संपला.

समुद्रात थांबलं तर

बेटाजवळ जाण्याआधीच तयारी करायची. खिंडीपासून बऱ्याच अंतरावर असताना मुख्य शीड चढवून ठेवा, नांगराचा खिळा काढून तो सोडायला मोकळा ठेवा आणि एक माणूस पुढे उभा करा. इंजिन थांबलं तर पहिलं काम बोट खोल पाण्याकडे वळवण्याचं, फिल्टरचं नंतर. खिंडीत शिरायच्या अर्धा तास आधी फिल्टरचा खालचा पारदर्शक बाऊल बॅटरी मारून बघा. तळाशी पाण्याचा थेंब किंवा काळपट पापुद्रा दिसला तर तिथेच बाहेर थांबून तो काढून टाका.

फिल्टर बदलताना बाऊल आणि नवा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून घ्या, म्हणजे हवा कमी अडकते. मग हवा काढायची. आधी टाकीजवळचा पहिला फिल्टर, मग इंजिनावरचा दुसरा, मग डिझेल पंपाचा स्क्रू, हा क्रम. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपाचा) हाताचा दांडा ढिला लागला आणि डिझेल येईना, तर आतला कॅम उलट्या बाजूला थांबलेला असतो. इंजिन हाताने अर्धा फेरा फिरवलं की दांडा परत जोर धरतो. नोझलच्या नळ्यांचे नट फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनावर सैल करायचे. कॉमन रेल (नव्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) इंजिनावर त्या नळ्यांना हात लावायचा नाही, तिथला दाब कातडी भेदून आत जाईल इतका असतो.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हवा काढताना पुन्हा पुन्हा स्टार्टर मारावा लागतो. प्रत्येक वेळी इंजिन थंड ठेवणारा पंप समुद्राचं पाणी आत खेचतो, पण इंजिन सुरू नसल्यामुळे ते पाणी बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. सायलेन्सर पाण्याने भरतो आणि ते पाणी मागे उलटून सिलिंडरमध्ये जातं. साध्या फिल्टरच्या दुखण्यातून अख्खं इंजिन वाया जाण्याचा हा रस्ता आहे. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर समुद्राच्या पाण्याचा सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातला पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद करा, आणि इंजिन धरताच त्याच क्षणी उघडा. सीकॉक बंद आहे हे विसरू नये म्हणून त्याच्या दांड्याची दोरी किल्लीला बांधतात, ती पद्धत मला फार पटते.

पाणी येतं कुठून

इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. ज्याला विचाराल तो सांगेल, टाकी अर्धी रिकामी ठेवली की दमट हवेचं पाणी होतं, म्हणून पावसाळ्यात टाकी गच्च भरून ठेवा. सल्ला वाईट नाही, पण हिशेब करून बघा. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. १०० लिटरची टाकी पूर्ण रिकामी धरली, तरी तिच्यातल्या हवेत ३ ग्रॅम. दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंशांचा फरक धरला, तर रोज साडेतीन लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर होते. तिच्यातलं सगळं पाणी टाकीत राहिलं, असं धरलं तरी दिवसाला ग्रॅमचा दहावा भाग. चार महिन्यांत १२-१३ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाही भरत नाही.

आता डेकवरचं डिझेल भरायचं झाकण बघा. ते बहुतेक बोटींवर डेकच्या पातळीत, थोड्या खोलगट जागेत बसवलेलं असतं. ती जागा १० सेंटिमीटर लांब-रुंद धरा. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेवढ्याशा खोलग्यावर २० लिटर पाणी पडतं. झाकणाची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) उन्हाने कडक झालेली असेल आणि त्यातला शंभरावाच भाग आत गेला, तरी ते २०० मिलिलिटर होतं. टाकी गच्च भरलेली असली तरी हे पाणी आत जातंच, डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं. इंजिनाच्या वारंवार दुखण्याचं मूळ मला ज्या ज्या बोटींवर सापडलं, त्यांतल्या बहुतेकांवर ती काही रुपयांची रिंग वर्षानुवर्षं बदललेली नव्हती. रिंग वायटॉनची घ्या, साधं रबर डिझेलने फुगतं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्यात जुनी रिंग नमुना म्हणून दाखवली की मिळते. झाकणाच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पावसाळ्यात बोट काठावर ताडपत्रीखाली असली तरी झाकणावर वेगळा कापडी टोप बांधा.

दुसरी वाट म्हणजे तीच श्वासनळी, पण या वेळी उलट्या कारणाने. काही बोटींवर तिचं तोंड बाजूच्या भिंतीत, पाण्यापासून फार उंच नसलेल्या जागी असतं. लांबच्या पल्ल्यात बोट तासन्‌तास त्याच कुशीवर कलली की तोंड पाण्याखाली जातं आणि खारं पाणी थेट टाकीत उतरतं. खाडीत आणि बंदरात हे कधीच कळत नाही. तोंड उंच, कॉकपिटच्या कठड्याच्या आत न्यायचं आणि नळीला त्याहून वर वळसा द्यायचा. पाणी खारं आहे की गोडं, हे बाऊलमधला नमुना मिठासाठी तपासला की कळतं आणि कोणती वाट बंद करायची तेही कळतं. गोडं असेल तर झाकण किंवा आणलेलं डिझेल, खारं असेल तर बहुधा श्वासनळी.

तळाशी काय वाढतं

डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या रेषेवर बुरशी आणि जिवाणू राहतात. अन्न वरच्या डिझेलमधून, पाणी खालून. हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यांतली सर्वांत ओळखीची बुरशी. २५ ते ३५ अंशांचं तापमान त्यांना मानवतं, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर आणि बेटांवर वर्षभर. त्यांचा काळा-तपकिरी, बुळबुळीत पापुद्रा तळाला आणि भिंतींना चिकटून वाढतो. त्यांच्या आम्लाने ॲल्युमिनियमच्या टाकीला तळाशी खड्डे पडतात. लाटांनी ढवळलं की पापुद्र्याचे तुकडे सुटतात आणि फिल्टरवर बसतात.

तपासायला सोपं आहे. टाकीच्या अगदी तळातून अर्धा लिटर उपसून काचेच्या स्वच्छ बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी वर पारदर्शक डिझेल, मध्ये काळसर फाटकी साय आणि खाली पाणी असे थर दिसले, तर शंका उरत नाही. कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर गंधकावर जगणारे जिवाणूही आहेत आणि टाकीच्या धातूकडे लवकर बघायला हवं. पाणी नुसतं किती आहे हे बघायचं तर पेट्रोल पंपावर टाकी मोजताना काठीला लावतात ती रंग बदलणारी पेस्ट मिळते, तीच वापरा.

जंतुनाशक टाकलं की झालं, असं समजू नका. ते मारतं, काढत नाही. मेलेला पापुद्रा सुटून एकदम फिल्टरवर येतो, त्यामुळे औषध टाकून लगेच लांब निघालात तर इंजिन आधीपेक्षा जास्त वेळा बंद पडेल. आधी पाणी आणि गाळ काढा, मग बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत औषध, आणि मधले दिवस किनाऱ्याजवळ काढा. पाणी 'पिऊन टाकणारी' अल्कोहोलची औषधं मी वापरू देत नाही. ती पाणी डिझेलमध्ये मिसळून थेट नोझलकडे नेतात. पाणी वेगळं व्हायला हवं, म्हणजे काढता येतं.

टाकी खरी साफ करायची तर हात जाईल एवढं तपासणीचं झाकण टाकीला हवंच. नसेल तर बसवून घ्या, टाकीतल्या आडव्या पट्ट्यांमुळे जितके कप्पे झालेत तितकी झाकणं. सगळं डिझेल उपसा, गाळून पिंपात ठेवा, भिंती आणि कोपरे हाताने खरवडा, धागे न सोडणाऱ्या फडक्याने कोरडं करा. याच वेळी डिझेल खेचणाऱ्या नळीच्या टोकाची बारीक जाळी काढून टाका. जिथे समुद्रात हात पोचत नाही तिथे जाळी नको, गाळण्याचं काम बाहेरच्या फिल्टरला करू द्या. निघालेलं घाण पाणी आणि डिझेल डब्यात भरून अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे द्यायचं. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, फ्लेमिंगो त्याच चिखलात चरतात. बेटांवर तर लगूनमध्ये एक तांब्याही ओतू नका, तिथलं पाणी सावकाश बदलतं आणि प्रवाळ किनाऱ्यालगतच असतात.

पहिल्या फिल्टरमध्ये १० किंवा ३० मायक्रॉनचा घटक ठेवा. बारीक गाळणी म्हणजे जास्त सुरक्षित, असं समजून २ मायक्रॉनचा घालतात आणि तो तासाभरात तुंबतो. बारीक गाळण्याचं काम इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरचं. पहिल्या फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, व्हॅक्यूम गेज (ओढ किती लागते ते दाखवणारा काटा) लावून घ्या. स्वच्छ फिल्टरवर इंजिन पूर्ण जोरात असताना काटा कुठे असतो तिथे खूण करा. पुढे काटा खुणेपासून सरकायला लागला की इंजिन अजून नीट चालत असतानाच कळतं. माझ्या मते बोटीवरचा हा सर्वांत कामाचा काटा आहे.

पाणी नाही, तरी थांबतं

बाऊल स्वच्छ आहे, गेज हलत नाही, तरी इंजिन थांबतं आणि हवा काढली की चालतं. मग खेचणाऱ्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. या बाजूला डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फटीतून थेंबही बाहेर येत नाही आणि लोक कोरडा जोड बघून पुढे जातात. दहा लिटरचा स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर पक्का बांधा, त्याची नळी पहिल्या फिल्टरच्या आधी जोडा आणि परतीची नळीही त्यातच सोडा. आता डिझेल वरून दाबाने येतं. जिथे फट आहे तिथे काही वेळात ओलं दिसेल. बहुतेक बाऊलची गॅस्केट, बेंजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं त्या बोल्टचे) पुन्हा वापरलेले तांब्याचे वायसर किंवा क्लिपखाली चिरलेली नळी निघते. आणि कुठेही ओलं न दिसता याच कॅनवर इंजिन गिअरमध्ये तासभर बिनतक्रार चाललं, तर दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये आहे. फिल्टरकडची नळी सोडून डिंगीच्या (हवा भरायच्या छोट्या होडीच्या) पायपंपाने टाकीकडे हवा मारा. टाकीत बुडबुडे सहज ऐकू आले तर वाट मोकळी आहे. जोर लावावा लागला तर नळीचं तोंड भरलंय, किंवा नळी आतून सोलून चपटी होते आहे. जुन्या नळीचं बाहेरून काहीच कळत नाही, बदलून टाका.

बेटांवर डिझेल भरताना

लहान बेटांवर डिझेल पिंपातून, कॅनमधून येतं, आणि ते पिंप पावसात उभं असतं. पिंप हलवल्यावर लगेच भरू नका, बसू द्या आणि तळाचं शेवटचं डिझेल घेऊ नका. पाणी अडवणाऱ्या जाळीचं नरसाळं मिळतं, ते बोटीवर असू द्या. त्यातून भरायला वेळ लागतो, पण नरसाळ्याच्या तळाशी उरलेलं पाणी डोळ्यांनी दिसतं. दिवाळे कोळीवाड्यातले आमच्या ओळखीचे एक काका मासेमारीच्या बोटीवर आयुष्यभर डिझेल गाळून भरत आले. जून लागला आणि बोट किनाऱ्याला लागली की टाकीचं तोंड ते स्वतः बांधतात, खलाश्यांवर सोडत नाहीत. इंडोनेशियाच्या बाजूला जाणार असाल तर तिथल्या डिझेलमध्ये पामतेलाच्या बायोडिझेलचं प्रमाण २०२३ पासून ३५ आणि २०२५ पासून ४० टक्के ठेवलं आहे. बायोडिझेल पाणी जास्त धरतं आणि टाकीतला जुना चिकटा सोडवतं, त्यामुळे पहिल्या टाकीनंतर फिल्टर लवकर भरणार हे धरून चला. जादा फिल्टर इथूनच नेलेले बरे, तिकडे नेमक्या मापाचे मिळतीलच असं नाही.

दुरुस्ती झाली की धक्क्याला बांधून घेतलेल्या चाचणीवर समाधान मानू नका. दुखणं तिथे दिसतच नव्हतं. मुंबई बंदरात उधाणाच्या ओहोटीला दुपारचा खारा वारा समोरून आला की आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यात टाकी अर्धी ठेवून, बोट दोन्ही कुशींवर कलवून, इंजिन गिअरमध्ये दोन-तीन तास चालवा. एक जण सतत बाऊल आणि गेज बघत राहू दे. परतल्यावर तळातून पुन्हा अर्धा लिटर काढा आणि बाटली रात्रभर ठेवा. तिच्यात काही दिसलं नाही, तर बेटांकडे जाण्याची तारीख ठरवा.